हिरव्या एमजीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न : सोलापुरातली १९५२ ची टीडी, तिचे मालक आणि तिची दुरुस्ती

रविवारी सकाळी गाडी बाहेर काढली की पार्क चौकापासून सात रस्त्यापर्यंत तेच तेच प्रश्न येतात. सिग्नल सुटेपर्यंत काय सांगणार? म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. पहिल्या भागात गाडीची हकिगत आहे. ज्यांच्या वाड्यात किंवा शेडमध्ये अशीच एखादी गाडी धूळ खात पडली आहे, त्यांनी सरळ कागदपत्रांच्या आणि शेवटच्या प्रश्नाकडे जावं.

ही नेमकी कोणती गाडी? कधीची?

एमजी टीडी, १९५२ ची. दोन सीटची, उघडी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात टीडी १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत बनली. एकूण तीस हजाराच्या आत-बाहेर गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन १२५० सीसीचं, चार सिलिंडरचं, दोन एसयू कार्बोरेटरचं, ताकद ५४ हॉर्सपॉवर. आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमीच. पण वजन जेमतेम नऊशे किलो, काच पुढे पाडता येते आणि बूड रस्त्यापासून वीतभर वर. त्यामुळे साठचा वेग नव्वदसारखा वाटतो. गाडी पळते साधारण सव्वाशेपर्यंत. आम्ही पळवत नाही.

दारं मागच्या बाजूला बिजागरी लावलेली आहेत, म्हणजे पुढून उघडतात. चालत्या गाडीत कडीला हात लावायचा नाही, हे लहान मुलांना बसवण्याआधी सांगतो.

एमजी म्हणजे हेक्टरवालीच कंपनी ना?

बिल्ला तोच, अष्टकोनी. बाकी फारसं नातं नाही. एमजी हे मूळ ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचं नाव. तिथले सेसिल किंबर मॉरिसच्या साध्या गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवत, त्यातून हा ब्रँड उभा राहिला. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. पुढे नाव हातोहात फिरत चीनच्या एसएआयसी कंपनीकडे गेलं. हेक्टर बनते गुजरातमध्ये, हालोलला. तिथल्या शोरूममध्ये आमच्या गाडीचा एक स्क्रूही मिळत नाही. विचारून पाहा, पोरं मात्र कौतुकाने फोटो काढतात.

ही अक्कलकोटच्या राजांची गाडी होती म्हणे?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर आधीच ठाऊक असतं. आमच्या तोंडून हो ऐकायचं असतं एवढंच. पण तारखा पाहा. अक्कलकोट संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, टीडीचं उत्पादनच १९४९ च्या शेवटी सुरू झालं. विलीनीकरणानंतर राजघराण्याने गाडी घेतली असती असं म्हणता येईल, पण आमच्या आरसी बुकात तसं नाव नाही. तसंच ‘इंग्रज कलेक्टरची’, ‘मार्शल लॉच्या वेळची’ वगैरे. सोलापुरातला मार्शल लॉ १९३० चा. तेव्हा ही गाडी आरेखनाच्या कागदावरही नव्हती.

जुन्या गाडीला राजा चिकटवायची आपल्याकडे भारी हौस. त्याने किंमत वाढते असा समज असतो. राजाचा कागद असेल तर वाढतेही. नुसत्या बोलण्याने घेणारा अधिक सावध होतो.

मग खरे मालक कोण होते?

नावं देत नाही, कारण त्यातल्या काहींची नातवंडं याच शहरात राहतात. पण क्रम सांगतो.

पहिली नोंदणी मुंबईची, १९५२ ची. मालक सोलापुरातल्या एका कापड गिरणीचा विलायती विव्हिंग मास्तर, पत्ता गिरणीच्या बंगल्याचा. त्या काळी इथल्या गिरण्यांत असे तंत्रज्ञ होतेच. चार-एक वर्षांनी तो मायदेशी परत गेला आणि गाडी रेल्वे लाइन्समधल्या एका डॉक्टरांनी घेतली. डॉक्टर ती व्हिजिटला वापरत. समोरच्या काचेवरच्या लाल क्रॉसची सावली स्वच्छ पुसल्यावरही तिरक्या उन्हात दिसते. डॅशबोर्डला डावीकडे एक भोक आहे, ते त्यांनी रात्री चिठ्ठ्या वाचायला बसवलेल्या दिव्याचं. ते आम्ही बुजवलेलं नाही.

सत्तरच्या दशकात पूर्व भागातल्या एका चादर कारखानदाराने गाडी घेतली. त्यांनी ती हौसेने चालवली, इंजिन बदललं, मागे सामान बांधायला कॅरिअर लावला. त्यांच्यानंतर मुलांनी ती गोदामात ढकलली आणि वर गठ्ठे रचले. माझ्या मामांनी गाडी घेतली ती त्या गोदामातून. फळ्यांचा तळ काढला तेव्हा चासीच्या खोबणीत लाल-हिरव्या सुताचे तुकडे आणि रुईचा भुसा असा दाबून बसला होता की स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढावा लागला. गाडीने कुठे दिवस काढले हे सांगायला याहून चांगला साक्षीदार नाही. त्यातलं मूठभर सूत पिशवीत घालून फाइलला लावून ठेवलं आहे.

हा इतिहास शोधला कसा?

तीन ठिकाणांहून: कागद, धातू आणि माणसं. याच क्रमाने विश्वास ठेवायचा.

कागदात सर्वांत मोलाचं जुनं आरसी बुक. त्या वेळी ते खरंच पुस्तक असे. प्रत्येक हस्तांतराची नोंद, शिक्का, तारीख त्यात पानोपानी सापडते. त्याच्या मागच्या पानांत विम्याच्या पावत्या, टॅक्सची टोकनं, पंक्चरच्या दुकानाची बिलं अडकलेली असतात. ती फेकू नका. आमच्याकडच्या एका विम्याच्या पावतीवरून डॉक्टरांनी गाडी कोणत्या साली घेतली ते नक्की झालं, कारण आरसी बुकातल्या त्या पानाला पाणी लागून शाई पसरली होती.

धातू म्हणजे नंबर. टीडीचा चासी नंबर चौकटीच्या पुढच्या डाव्या टोकावर ठोकलेला असतो, आणि बोनेटखाली कंपनीची पट्टी असते तिच्यावर चासी आणि इंजिन दोन्हींचे नंबर. इंजिनाच्या ठोकळ्यावर वेगळी अष्टकोनी पितळी पट्टी. हे सगळे आरसीशी जुळले तर अर्धी लढाई जिंकली. वाळूचा मारा करण्याआधी, घासकाम करण्याआधी, नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा आणि तो ठसा तारीख घालून जपा. पेंटरने ग्राइंडर फिरवून नंबर गुळगुळीत केलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. अशा गाडीचं नंतर आरटीओत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

टीडीच्या नंबरांत एक गंमत आहे. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता, म्हणून प्रत्येक मॉडेलचे नंबर ०२५१ पासून सुरू करायची त्यांची रीत होती. त्यामुळे टीडीच्या नंबरातून २५० वजा केले की ती साधारण कितवी गाडी ते कळतं. आमच्या गाडीच्या इंजिन नंबराआधी ‘टीडी टू’ आहे, म्हणजे १९५१ पासूनचं, आठ इंची क्लचचं इंजिन. १९५२ च्या नोंदणीशी ते बरोबर बसतं. इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. त्यांच्या दप्तरात बऱ्याच ब्रिटिश गाड्यांच्या कारखान्याच्या नोंदी आहेत आणि ते फी घेऊन दाखला देतात. एमजी कार क्लबचे टी-मॉडेलवाले जाणकारही मदत करतात.

माणसं शेवटी. म्हातारे ड्रायव्हर, कंपाउंडर, गिरणीच्या गॅरेजात काम केलेले मिस्त्री. ते सांगतात त्यातला प्रसंग बहुधा खरा असतो, साल बहुधा चुकीचं. ‘गिरणी बंद पडली त्याच्या आधी’ असं कुणी म्हणालं तर लगेच टिपून घ्या. सोलापुरातली ‘जुनी गिरणी’ या नावाची गिरणी १९६३ मध्ये बंद पडली, म्हणजे एक टोक हाती आलं.

इंजिन मूळचंच आहे का?

आता आहे. मध्ये नव्हतं.

चादर कारखानदारांच्या काळात मूळ इंजिनाचं बेअरिंग गेलं. सुटे भाग मिळेनात. मिस्त्रीने अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन बसवून दिलं. आज शुद्धतावादी मंडळी यावर नाक मुरडतात, पण तो निर्णय शहाणपणाचा होता. त्यामुळेच गाडी भंगारात गेली नाही. शिवाय ते इंजिन परकं नव्हतं. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं इंजिन टीडीच्या पुढच्या टीएफ मॉडेलनंतर आलेल्या ‘एमजीए’ या गाडीमध्येही होतं.

मूळ ठोकळा गोदामातच, गोणपाटाखाली, डोक्यासकट (सिलिंडर हेडसकट) सापडला. पण सापडलेला ठोकळा याच गाडीचा कशावरून? पितळी पट्टी रिव्हेटने लावलेली असते, ती काढून दुसऱ्यावर ठोकता येते. म्हणून पट्टीवरचा नंबर, बोनेटखालच्या पट्टीवरचा नंबर आणि आरसीच्या पहिल्या पानावरचा नंबर असे तीन ताडून पाहिले. रिव्हेटची डोकी रंगाखाली तशीच, न छेडलेली होती. अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनाची नोंद आरसीत नंतर झालेली होती, त्यामुळे परत मूळ इंजिन बसवल्यावर पुन्हा नोंद करून घ्यावी लागली. हे टाळू नका. गाडीत एक नंबर आणि कागदावर दुसरा, अशी गाडी विकतानाही अडते आणि विम्याच्या दाव्यातही.

वालचंदशेठांच्या कंपनीशी काही संबंध?

नाही, पण प्रश्न चांगला आहे. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२ चा. त्यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि मग फियाट बनवत होती. एमजी आणि मॉरिस ज्या नफील्ड समूहाच्या, त्यांचं भारतातलं सूत होतं बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सशी. तिकडच्या मॉरिस टेनवरून हिंदुस्थान टेन निघाली, आणि टीडीचं एक्सपीएजी इंजिन हे त्याच मॉरिस टेनच्या इंजिनावरून बेतलेलं. म्हणून जुन्या कलकत्ता-मुंबईच्या भंगारात या इंजिनाचे भाऊबंद कधी कधी सापडतात.

टीडीसारख्या गाड्या आपल्याकडे इतक्या थोड्या का, याचं उत्तरही त्याच काळात आहे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने ठरवलं की इथे गाडी बनवायचा कार्यक्रम नसेल तर नुसती जोडणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला, आयातही आवळली गेली. हौशी दोन सीटच्या गाड्यांना मग कोण परवाना देणार?

नवीकोरी का नाही केली? एवढी मेहनत घेतली तर रंग चकचकीत हवा होता.

रंग केला आहे, पण जिथे गरज होती तिथेच. पुढचे मडगार्ड आणि डावं दार नव्याने रंगवलं. बोनेट आणि मागची टाकी जुन्याच रंगावर आहे. मूळ रंग कोणता यावर घरात वाद होता, कारण वरून गाडी लाल होती. डॅशबोर्डच्या मागे, बॅटरीच्या तबकाखाली आणि कंपनीची पट्टी उचलल्यावर तिच्याखाली गडद हिरवा निघाला. तिन्ही ठिकाणी एकच, म्हणून हिरवा.

जगभर आता कल असाच आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिव्हाने, ट्युरिन चार्टर नावाचा जाहीरनामा काढला आहे. त्यात जपणूक आधी, नूतनीकरण नंतर अशी भूमिका आहे. मला ती पटते. गाडीवरचा प्रत्येक ओरखडा ठेवा असं नाही, पण लाल क्रॉसची सावली, दिव्याचं भोक, कॅरिअरचे बोल्ट हेच तर मालकांचे सही-शिक्के. ते घासून टाकले की उरते ती नवी गाडी, आणि नवी गाडी हवी असेल तर शोरूम आहेतच. अर्थात ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग इथे जुन्याचं कौतुक अजिबात करायचं नाही. लॉकहीडचे ड्रम ब्रेक, एकच सर्किट, बूस्टर नाही. पायाखालच्या एका रबराच्या वायसरवर सगळा जीव. तिथले सगळे रबर आणि नळ्या नव्याच.

आत लाकूड आहे हे खरं का?

खरं. बॉडीचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. चासी लोखंडी. वरून गाडी धडधाकट दिसते आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो. दार उघडून वर-खाली हलवून पाहा. बिजागरीचा खांबच हलला तर लाकूड गेलं. टीडीची दारं मागून लटकतात, त्यामुळे सगळा भार मागच्या खांबावर येतो आणि तोच आधी जातो.

सोलापूरची हवा कोरडी, म्हणून पत्रा गंजण्याचा त्रास मुंबईच्या गाड्यांपेक्षा कितीतरी कमी. पण वाळवी! गोदामात उजव्या बाजूचा खांब वाळवीने असा पोखरला होता की बोटाने दाबला तरी आत जाई. वरचा रंग मात्र शाबूत.

अ‍ॅश इथे मिळत नाही. आम्ही जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान वापरलं. याला दोन बाजू आहेत. सागवान वाळवीला दाद देत नाही, पण जड असतं आणि तेलकट असल्यामुळे गोंद धरत नाही. सांधा करण्याआधी थिनरने पुसून लगेच इपॉक्सी लावावा लागतो. काम कुणी केलं? फर्निचरवाल्यांनी हात टेकले. शेवटी हातमागाची कामं केलेले एक म्हातारे सुतार मिळाले. त्यांनी जुना खांब तुकड्या-तुकड्याने जोडून फळीवर ठेवला, पेन्सिलने कड काढली आणि नकाशाशिवाय जोडी कापून दिली. दोऱ्याचा ताण जिथे सूतभरही इकडे-तिकडे चालत नाही तिथे आयुष्य गेलेला माणूस. पहिल्या फटक्यात दार बसलं. जुना खांब, जेवढा उरला तेवढा, फेकू नका. तोच तुमचा साचा असतो.

नट-बोल्ट इथे मिळतात का?

या गाडीचं सगळ्यांत चक्रावून टाकणारं प्रकरण हेच. इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक, डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश इंची मापाची. कारण असं की मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच, म्हणजे आटे मेट्रिक पडायचे. पण इंग्लंडमधल्या मिस्त्रीकडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकी त्या मापाची ठेवली. तीस वर्षांनी बनलेल्या टीडीच्या इंजिनातही तेच चालू.

व्यवहारात याचा अर्थ असा. आठ मिलिमीटरच्या बोल्टाचा आटा इथे एक मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) असतो. हार्डवेअरच्या दुकानात आठचा बोल्ट मागितला तर सव्वा पिचचा हातात येतो. दोन आटे आत जातो, मग अडतो, आणि पोऱ्याने पान्याला पाइप लावून जोर दिला की ठोकळ्याचे आटे गेले. म्हणून पिच गेज खिशात ठेवा आणि बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला तरच पाना लावा. बाकी लेथवाले सोलापुरात उत्तम आहेत. यंत्रमागाचे भाग करून त्यांचा हात तयार झाला आहे. नमुना नेऊन दिला की स्टड करून देतात.

बाकीचे सुटे भाग?

टीडी अमेरिकेत एवढ्या गेल्या की तिकडे सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. मॉससारखे विक्रेते जवळजवळ सगळं विकतात, अगदी सीटच्या पायपिनपर्यंत. ब्रेक, बेअरिंग, कार्बोरेटरचे संच तिकडूनच घ्यावेत. कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून किंमत सहज दुप्पट होते, तेव्हा यादी करून एकदाच मागवा. हूड, सीट, गालिचे इथे शिवून घेता येतात. वायरिंगही इथे करता येतं. फक्त कापडी वेष्टणाची वायर वापरली तर रूप टिकतं.

सोलापूरच्या उन्हात तापत नाही का?

मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की आम्ही सकाळी आठच्या आत परत येतो. गाडीचा रेडिएटर बिनदाबाचा, म्हणजे पाणी शंभरला उकळणार म्हणजे उकळणार. आजच्या गाड्यांची दाबाची टोपी इथे नाही. पण खरं कारण बहुतेक वेळा ऊन नसून आतली क्षारांची खपली असते. इथलं बोअरचं पाणी किती जड ते आपल्या गीझरला विचारा. वर्षानुवर्षं ते पाणी ओतलेल्या ठोकळ्याच्या मागच्या कोपऱ्यात चिखलासारखा थर बसतो. कोअर प्लग (ठोकळ्याच्या पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची बुचं) काढून तो तारेने उकरावा लागतो. नुसतं फ्लशिंग करून काही होत नाही. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही.

दुसरा त्रास पेट्रोलच्या वाफेचा. टीडीचा एसयूचा विजेचा पंप बोनेटखाली, इंजिनाच्याच उष्णतेत बसवलेला आहे. चावी फिरवली की तो टक-टक-टक करतो आणि कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की गप्प होतो. दुपारी थांबवून पुन्हा सुरू करताना तो थांबतच नसेल तर नळीत वाफ धरली आहे. बोनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, रसवंतीत बसा.

आताच्या पेट्रोलवर चालते?

चालते, तयारी करून. दोन गोष्टी आहेत. शिसं असलेलं पेट्रोल देशात २००० मध्ये पूर्ण बंद झालं. शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटचं रक्षण होत असे. डोकं उघडलंच आहे तर कडक सीट बसवून घ्या. दुसरी गोष्ट इथेनॉल. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगतात, कॉर्कचे वायसर कुजतात आणि टाकीत पाणी धरतं. सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घ्या, कार्बोरेटरचं मिश्रण थोडं घट्ट करा, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल थोडं वाढवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि वाट्या रिकाम्या करा. आमच्या गाडीने या पेट्रोलवर तक्रार केलेली नाही, पण आम्ही तिला टाकीत पेट्रोल ठेवून कधी झोपवत नाही.

बॅटरीवाला म्हणतो तुमची बॅटरी उलटी लावली आहे.

बरोबर लावली आहे. पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं. तसा कागद बॅटरीच्या झाकणावर चिकटवून ठेवा.

खाली तेल गळतंय, काका.

गळू द्या. क्रँकच्या मागच्या टोकाला या इंजिनात रबरी सील नाही. तेल मागे ढकलणारा आटा कोरलेला असतो, तो गाडी चालू असतानाच काम करतो. उभी राहिली की दोन थेंब पडणारच. खाली ट्रे ठेवतो. एकदम गळायचं थांबलं तर आधी तेलाची पातळी बघतो.

आरटीओत नोंदणीचं काय? विंटेजची वेगळी पाटी असते ना?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत यासाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवर झालेली, खासगी वापराची, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर राखता येतो. नव्याने नंबर घेतला तर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अर्ज फॉर्म २० वर. सोबत विमा, जुनी आरसी, आयात केली असेल तर बिल ऑफ एंट्री.

आमच्या गाडीला मुंबई राज्याच्या काळातला, बी अक्षराने सुरू होणारा नंबर आहे. १९८९ मध्ये एमएच मालिका आली त्याच्या आधीचा. तो सोडून एमएच १३ घ्यायचा विचारही केला नाही. नंबर हाही इतिहासाचाच कागद आहे, फक्त पत्र्यावरचा.

फेरबदलाची अट नीट वाचा. अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन असतं तर इथेच गाडं अडलं असतं.

गाडी आजोबांच्या नावावर आहे, आजोबा गेले. आता?

मालक वारल्यावर वारसाने तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं, फॉर्म ३१ भरून. मृत्यूचा दाखला, वारसांचं नाहरकतपत्र, विमा, आरसी. आपल्याकडे तीन महिन्यांच्या जागी तीस वर्षं जातात, दरम्यान वारसांचे वारस तयार होतात, कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, कुणी बोलत नाही. आमच्या वेळी पैशांपेक्षा जास्त वेळ सह्या गोळा करण्यात गेला. एका सहीसाठी मामांना लग्नाच्या पंगतीत जाऊन बसावं लागलं.

विकत घेणाऱ्याने काय करायचं? आधी मधलं हस्तांतर पूर्ण करायला लावा, मग पैसे द्या. ‘गाडी न्या, कागद नंतर बघू’ असं कुणी म्हणालं की चहा घ्या आणि निघा. जुनी नोंद संगणकावर नसेल तर आधी ती चढवून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरसी आणि चासीचा पेन्सिल-ठसा लागतो. वर सांगितलेला कागद इथे कामाला येतो.

मुलाच्या वरातीला मिळेल का?

नाही. विंटेज नोंदणीच्या गाडीचा व्यावसायिक वापर करता येत नाही, रोजचा वापरही नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यासाठीच रस्त्यावर आणता येते. फुकट द्या म्हणणाऱ्यांसाठी: मागे नवरदेवाला बसायला जागा नाही, आणि फटाक्यांची ठिणगी हुडावर पडली तर सासरेबुवा हूड शिवून देणार आहेत का?

किंमत किती? विकणार का?

विकायची नाही, म्हणून किंमत काढलेली नाही. पैसा कुठे गेला ते सांगू शकतो: सर्वांत जास्त इंजिनात, मग क्रोममध्ये. रंगात अपेक्षेपेक्षा कमी.

आमच्या वाड्यात अशीच जुनी गाडी आहे. आधी काय करू?

सुरू करायचा प्रयत्न करू नका. घरातले सगळे जमतात, बॅटरी आणतात, कुणीतरी म्हणतं ‘एकदा मारून तर बघू की ओ’, आणि चिकटलेल्या रिंगा सिलिंडरला चरे पाडतात. धुवूही नका, धुळीखाली रंग, स्टिकर, खुणा असतात.

आहे तशा अवस्थेत चारही बाजूंनी, आतून, खालून फोटो काढा. सीटखाली, दाराच्या खिशात, टूलबॉक्समध्ये जे निघेल ते पिशवीत घालून पिशवीवर जागा लिहा. नंबरांचे ठसे घ्या. घरातली जुनी ट्रंक उघडून आरसी शोधा. ती सापडेपर्यंत मिस्त्री बोलवायची घाई नको.

आरसी आणि नंबर जुळले की मगच इंजिनाकडे वळा. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, आठवडाभर तसंच ठेवा, मधूनमधून आणखी थोडं घाला. मग प्लग बाहेरच ठेवून पुढून हँडल लावा आणि हलक्या हाताने, जोर न देता, फिरतं का पाहा. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर डोकं उघडावं लागेल, आणि ते उघडताना बोल्ट कोणत्या भोकातला कोणता हे पुठ्ठ्यावर चित्र काढून त्यात टोचून ठेवा.